तिमाही निकालांआधी ऑप्शनचा व्यवहार करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकालांचा हंगाम जवळ आला की अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांकडून दर तीन महिन्यांनी जवळपास तेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. आकडेमोडीसाठी सर्वत्र एकच काल्पनिक कंपनी घेतली आहे: शेअरचा भाव 1,000 रुपये, एका लॉटमध्ये (व्यवहाराच्या किमान संचात) 500 शेअर, एक्स्पायरीला (ऑप्शनची मुदत संपायला) 12 दिवस बाकी आणि निकाल आज बाजार बंद झाल्यावर. 1,000 च्या स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा) कॉल, म्हणजे त्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, 34 रुपयांना आणि पुट, म्हणजे त्या भावाने विकण्याचा हक्क, 31 रुपयांना मिळत आहे. या किमतीला प्रीमियम म्हणतात. ब्रोकरेज आणि कर धरलेले नाहीत, आणि निकालानंतरचे भाव अंदाजे आहेत.

1. निकालांआधी ऑप्शनचे प्रीमियम इतके का चढतात?

निकालाच्या दिवशी शेअर एरवीपेक्षा जास्त हलू शकतो, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. विकणारा त्या जोखमीचे पैसे आधीच मागतो आणि घेणारा ते द्यायला तयार असतो. ही अपेक्षित हालचाल प्रीमियममधून उलट गणित करून काढली की मिळणाऱ्या आकड्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजेच रोजच्या बोलण्यातली ‘आयव्ही’, म्हणतात. आपल्या उदाहरणातल्या भावांवरून ती वार्षिक सुमारे 45 टक्के निघते. याच शेअरची आयव्ही निकाल नसलेल्या आठवड्यात 26 टक्क्यांच्या आसपास असते असे धरू. निकाल जाहीर झाला की अनिश्चितता संपते आणि आयव्ही एका रात्रीत खाली येते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी झेंडूला जो भाव असतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी राहत नाही, तसेच हे आहे, आणि ते दर तिमाहीला घडते.

2. निकाल चांगला लागला, शेअरही वर गेला, तरी माझ्या कॉलमध्ये तोटा कसा झाला?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि निकालांआधीच्या व्यवहाराचे मर्मही त्यातच आहे, म्हणून तो आकड्यांनिशी पाहू. आपण 34 रुपयांचा कॉल घेतला, म्हणजे एका लॉटसाठी 17,000 रुपये मोजले. दुसऱ्या दिवशी शेअर दीड टक्का वाढून 1,015 वर उघडला. आयव्ही मात्र 45 वरून 26 टक्क्यांवर आली, त्यामुळे कॉलचा भाव 28 रुपयांच्या आसपास दिसेल. दिशा बरोबर ओळखूनही लॉटमागे सुमारे 3,000 रुपये गेले.

शेअर 4 टक्के वाढून 1,040 वर गेला असता, तर तोच कॉल सुमारे 46 रुपयांना विकला जाऊन 6,000 रुपये सुटले असते. थोडक्यात, कॉल घेणारा केवळ ‘वर जाईल’ एवढेच म्हणत नसतो. ‘प्रीमियममध्ये धरले आहे त्याहून अधिक वर जाईल’ असे तो पैसे लावून सांगत असतो. व्यवहाराआधी स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणूनच ‘निकाल चांगला लागेल का?’ हा नसून ‘किती हालचालीचे पैसे मी आधीच मोजतो आहे?’ हा असावा.

3. बाजाराने किती हालचाल गृहीत धरली आहे, हे घरबसल्या कसे काढायचे?

शेअरच्या चालू भावाच्या सर्वांत जवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट यांची बेरीज करावी. या जोडीला स्ट्रॅडल म्हणतात. आपल्याकडे 34 अधिक 31 म्हणजे 65 रुपये, अर्थात शेअरच्या 6.5 टक्के. एक्स्पायरीपर्यंत शेअर वर किंवा खाली सरासरी एवढा हलेल, असा बाजाराचा ढोबळ अंदाज आहे. त्यासाठी ब्रोकरच्या अ‍ॅपवरील किंवा एनएसईच्या संकेतस्थळावरील ऑप्शन चेन पुरते. मात्र शेवटचा झालेला भाव न घेता खरेदी आणि विक्रीच्या बोलीचा मध्य घ्यावा, कारण कमी उलाढालीच्या स्ट्राइकवर शेवटचा भाव तासाभरापूर्वीचाही असू शकतो.

हे 6.5 टक्के बाराही दिवसांचे आहेत. केवळ निकालाचा वाटा हवा असेल तर आणखी एक पायरी चढावी लागते. निकाल नसता तर उरलेल्या दिवसांसाठी हाच स्ट्रॅडल सुमारे 36 रुपयांना, म्हणजे 3.6 टक्क्यांना मिळाला असता. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करायची नसते. त्यांच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढायचे असते. 6.5 चा वर्ग 42.25, 3.6 चा वर्ग 12.96, फरक 29.29 आणि त्याचे वर्गमूळ सुमारे 5.4. म्हणजे निकालाच्या एका रात्रीसाठी बाजार साधारण 5.4 टक्के हालचाल धरून बसला आहे. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि निकालाची हालचाल आहे त्यापेक्षा मोठी समजतात.

4. हे 5.4 टक्के जास्त आहेत की कमी, हे कशावरून ठरवावे?

त्याच कंपनीच्या मागच्या आठ तिमाहींच्या निकालांनंतरच्या पहिल्या सत्रात शेअर आदल्या बंद भावापासून किती टक्के हलला, हे वहीत लिहून काढावे. वाढ की घट हे चिन्ह सोडून द्यावे. समजा आकडे 2, 3, 1, 7, 4, 2, 9 आणि 4 असे आले. सरासरी 4 टक्के होते आणि आठांपैकी दोनच वेळा हालचाल 5.4 च्या पुढे गेली. अशा वेळी ऑप्शन महाग आहेत असे मानायला जागा आहे आणि विकत घेण्यासाठी काही ठोस कारण हवे.

ठोस कारण म्हणजे या तिमाहीत मागच्या आठ तिमाहींसारखे नसलेले काहीतरी: नवे व्यवस्थापन, मोठे विलीनीकरण, नियामकाचा निर्णय, कच्च्या मालाच्या भावात अचानक आलेला फरक. आठ आकडे म्हणजे फार मोठा आधार नव्हे, हेही विसरू नये. त्या यादीतला 9 वगळला तर सरासरी 3.3 वर येते, आणि तो 9 परत येणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही.

5. निकाल उत्तम लागणार याची मला खात्री आहे. मग हा सगळा हिशेब कशाला?

निकाल उत्तम असणे आणि शेअर वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचडीएफसी बँकेने 16 जानेवारी 2024 रोजी बाजार बंद झाल्यावर डिसेंबर तिमाहीचे निकाल दिले. निव्वळ नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी अधिक, 16,000 कोटी रुपयांच्या वर होता. त्यात विलीनीकरणाचाही भाग होता, पण मथळा चांगलाच होता. तरी दुसऱ्या दिवशी शेअर 8 टक्क्यांहून अधिक पडला, कारण बाजाराची नजर नफ्यावर नव्हती. ठेवींची वाढ आणि व्याजाचे मार्जिन अपेक्षेइतके दिसले नव्हते. आयटी कंपन्यांच्या बाबतीत हेच काम पुढच्या वर्षाचा महसूल-अंदाज, म्हणजे गायडन्स, करतो. आपल्या कंपनीत बाजार नेमका कोणता आकडा पाहणार आहे हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर खात्री कशाची आहे हे पुन्हा तपासावे.

6. निकालाचा दिवस आणि वेळ कुठे कळते?

निकालांसाठी बोलावलेल्या संचालक मंडळाच्या बैठकीची तारीख कंपनीला शेअर बाजाराला आधी कळवावी लागते आणि ती एनएसई व बीएसईच्या संकेतस्थळांवर दिसते. तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत, आणि वार्षिक निकाल 60 दिवसांत, देणे बंधनकारक आहे. वेळ मात्र आधी जाहीर होतेच असे नाही. काही कंपन्या साडेतीननंतर निकाल देतात, काही भर बाजारात दुपारी. मागच्या चार निकालांच्या घोषणा किती वाजता आल्या होत्या हे बाजाराच्या संकेतस्थळावर पाहिले की अंदाज येतो.

मोठ्या खासगी बँका बऱ्याचदा शनिवारी निकाल देतात. शुक्रवारी दुपारी साडेतीननंतर सोमवारी सकाळी सव्वानऊपर्यंत आपल्या हातात काहीच राहत नाही. इन्फोसिसने 2023 मध्ये मार्च तिमाहीचे निकाल 13 एप्रिलला, गुरुवारी संध्याकाळी दिले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार आला. सोमवारी, 17 एप्रिलला, शेअर 9 टक्क्यांहून अधिक घसरून बंद झाला.

7. आठ रुपयांचा दूरचा कॉल घेतला तर? बुडाले तर थोडेच बुडतील.

1,080 च्या स्ट्राइकचा कॉल आपल्या उदाहरणात सुमारे 8 रुपयांना, म्हणजे लॉटमागे 4,000 रुपयांना पडेल. शेअर दुसऱ्या दिवशी 4 टक्के वाढून 1,040 वर गेला तरी तो कॉल 6 रुपयांच्या आसपास मिळेल. म्हणजे मोठी वाढ होऊनही तोटाच. या कॉलची जवळपास सगळी किंमत आयव्हीचीच असते, म्हणून आयव्ही उतरली की सर्वांत मोठा फटका त्यालाच बसतो. ‘थोडेच’ बुडतात म्हणून लोक एकाऐवजी चार लॉट घेतात, आणि मग ते थोडे राहत नाही.

8. दिशा कळत नसेल तर कॉल आणि पुट दोन्ही घेणे सुरक्षित नाही का?

नाही. दिशेची जोखीम जाते, पण आयव्ही उतरण्याचा फटका दुप्पट होतो. 65 रुपयांचा स्ट्रॅडल (लॉटमागे 32,500 रुपये) शेअर 1,015 वर उघडल्यास सुमारे 39 रुपयांवर येईल, तोटा 13,000. शेअर 1,040 वर असेल तर सुमारे 51 रुपये, तोटा 7,000. दुसऱ्या सकाळी मुद्दल सुटायला शेअर साधारण 6 टक्के हलावा लागतो. प्रश्न 4 मधल्या यादीत असे किती वेळा झाले ते पाहावे आणि मगच ठरवावे.

9. मग ऑप्शन विकणेच शहाणपणाचे नाही का?

आयव्ही उतरते हे विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते, यात शंका नाही. आठांपैकी सहा तिमाहींत त्याला पैसे मिळतीलही. पण उरलेल्या दोनांपैकी एक कशी असू शकते हे पाहावे. इन्फोसिसचा शेअर 12 एप्रिल 2013 रोजी निकाल आणि गायडन्स पाहून एका दिवसात 21 टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच कंपनीचा शेअर तीन महिन्यांपूर्वी, 11 जानेवारी 2013 रोजी, निकालांनंतर सुमारे 17 टक्के उसळला होता. आपल्या उदाहरणात स्ट्रॅडल विकणाऱ्याला जास्तीत जास्त 32,500 रुपये मिळू शकतात. शेअर 20 टक्के हलला तर तोटा 67,500 रुपयांच्या आसपास जातो, आणि मार्जिन (ब्रोकरकडे ठेवावी लागणारी तारण रक्कम) वाढवून मागितले जाते ते वेगळेच. ज्याच्याकडे प्रत्येक विक्रीमागे दूरचा ऑप्शन विकत घेऊन तोट्याला मर्यादा घालण्याची शिस्त नाही, त्याने निकालांआधी ऑप्शन विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

10. दिशेचे मत पक्के आहे, पण प्रीमियम महाग आहे. मधला मार्ग आहे का?

आहे, आणि आमच्या मते घरगुती गुंतवणूकदारासाठी हाच त्यातल्या त्यात बरा. 1,000 चा कॉल 34 रुपयांना घ्यावा आणि त्याच वेळी 1,060 चा कॉल सुमारे 12 रुपयांना विकावा. याला बुल कॉल स्प्रेड म्हणतात. निव्वळ खर्च 22 रुपये, म्हणजे जास्तीत जास्त तोटा 11,000 रुपये. एक्स्पायरीला शेअर 1,060 किंवा वर असेल तर जास्तीत जास्त नफा 38 रुपये, म्हणजे 19,000.

दुसऱ्या सकाळी शेअर 1,015 वर उघडला तर एकट्या कॉलमध्ये 3,000 रुपये जात होते (प्रश्न 2). स्प्रेड मात्र 23 ते 24 रुपयांना, म्हणजे खर्चाच्या किंचित वर असेल. 1,040 वर तो सुमारे 35 रुपयांचा होईल आणि साडेसहा हजार सुटतील. आयव्ही उतरल्याने घेतलेल्या कॉलमध्ये जे जाते त्यातले बरेचसे विकलेल्या कॉलमध्ये परत येते, हे त्याचे कारण. शेअर 10 टक्के वाढला तर वरचा नफा सोडावा लागतो. ती या मार्गाची किंमत आहे. बाहेर पडताना दोन्ही पाय (घेतलेला आणि विकलेला कॉल) एकदम बंद करावेत आणि लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर) वापरावी.

11. पावसात वीज आणि नेटवर्क जाते. स्टॉपलॉस लावून ठेवला तर चालेल का?

जून तिमाहीचे निकाल जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतात, आणि कोकणात नेमके तेच दिवस मुसळधार पावसाचे असतात, त्यामुळे ही काळजी रास्त आहे. पण स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप विकण्याची ऑर्डर, येथे उपयोगी नाही. शेअर रात्रीतून उडी मारून उघडतो. मधले भाव व्यवहारात येतच नाहीत. 34 च्या कॉलला 25 चा स्टॉपलॉस लावला आणि कॉल 15 वर उघडला, तर लिमिट ऑर्डर नुसती पडून राहते. म्हणून नेटवर्क गेले तरी झोप लागेल एवढाच जास्तीत जास्त तोटा आधीच ठरलेला असावा, म्हणजे प्रश्न 10 मधला स्प्रेड किंवा अगदी लहान प्रमाण. कोकण रेल्वेने प्रवासात असताना सव्वानऊच्या उघडण्यावर विसंबून राहू नये. उक्षी ते भोके दरम्यानचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेण्याचा क्रमांक आधी तपासून ठेवावा.

12. माझ्याकडे त्या कंपनीचे शेअर आहेतच. निकालांआधी पुट घेऊन ठेवू का?

500 शेअर असतील तर 1,000 चा पुट 15,500 रुपयांना पडतो, म्हणजे 5 लाखांच्या गुंतवणुकीवर 3.1 टक्के, तेही बारा दिवसांसाठी. दर तिमाहीला असे करणे परवडत नाही. दहा वर्षांसाठी घेतलेला शेअर असेल तर एका निकालाचे संरक्षण बहुधा नकोच. आणि एक वाईट निकाल सोसवत नसेल इतकी ती गुंतवणूक मोठी असेल, तर थोडे शेअर विकणे अधिक स्वस्त.

13. वाशीहून आंब्याची पट्टी आली आहे. त्यातले किती पैसे लावावेत?

मार्च तिमाहीचे निकाल आणि आंब्याचे पैसे दोन्ही एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणून हा प्रश्न रत्नागिरी आणि देवगडकडून दर वर्षी येतो. पावसाच्या तोंडावर कलमांना खत, जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार, मजुरी आणि पुढच्या मोहोराची फवारणी हे खर्च ठरलेले असतात. ते आधी बाजूला काढावेत आणि त्यांना हात लावू नये. उरलेल्या बचतीपैकी एका निकालावर 1 ते 2 टक्क्यांहून अधिक तोटा होणार नाही एवढाच व्यवहार करावा. 3 लाखांची मोकळी बचत असेल तर ही मर्यादा 3,000 ते 6,000 रुपये येते, आणि आपल्या उदाहरणातला स्प्रेडही तिच्यात बसत नाही. अशा वेळी व्यवहार न करणे हेच उत्तर आहे.

हे कठोर वाटत असेल तर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालाकडे पाहावे: आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

14. माझा भाचा लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. तो म्हणतो या तिमाहीत विक्री दुप्पट झाली. त्यावर कॉल घेऊ का?

मुळीच घेऊ नये. जाहीर न झालेली आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती वापरून व्यवहार करणे हा सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार इनसायडर ट्रेडिंगचा प्रकार आहे. दंड किमान 10 लाख रुपये असून तो 25 कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे अधिक असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. माहिती देणारा भाचाही त्यात अडकतो. कंपनीतल्या संबंधित कर्मचाऱ्यांसाठी तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत व्यवहाराची खिडकी बंद असते, ती याचसाठी.

15. निकालानंतर ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत ठेवला तर काय होते?

शेअरवरील ऑप्शन भारतात युरोपीय पद्धतीचे आहेत, म्हणजे मधेच वापरता येत नाहीत. विकता मात्र केव्हाही येतात. ऑक्टोबर 2019 पासून सर्व शेअर-ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. एक्स्पायरीला शेअर 1,005 वर बंद झाला आणि आपण 1,000 चा कॉल विकला नसेल, तर 500 शेअर घेण्यासाठी 5 लाख रुपये भरावे लागतात. 17,000 रुपयांच्या व्यवहाराचे असे 5 लाख होतात. शेवटच्या चार दिवसांत यासाठी मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढते आणि काही ब्रोकर स्वतःहून व्यवहार बंद करतात. निकालासाठी घेतलेला ऑप्शन निकालानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या सत्रात बंद करावा.

16. निकाल एक्स्पायरीच्या नंतर असेल तर कोणत्या महिन्याचा ऑप्शन घ्यावा?

सप्टेंबर 2025 पासून एनएसईवर मासिक एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. निकाल त्यानंतर असेल तर चालू महिन्याच्या ऑप्शनमध्ये निकालाचा अंश नसतोच. तो स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नये. पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो, पण तेथे खरेदी-विक्रीच्या बोलीत बरेच अंतर असते. ते प्रीमियमच्या 5 टक्क्यांहून अधिक असेल तर व्यवहार सोडून द्यावा.

17. निकालांआधी शेअर ‘बॅन’मध्ये गेला तर माझे ऑप्शन अडकतील का?

नाही. एकूण खुले व्यवहार ठरलेल्या मर्यादेच्या 95 टक्क्यांपुढे गेले की त्या शेअरमध्ये जोखीम वाढवणारा नवा व्यवहार करता येत नाही, असलेला कमी करता येतो. अडचण स्प्रेडवाल्यांची होते: एक पाय आधी बंद केला आणि नंतर पुन्हा उघडायचा म्हटले, तर ते जमेलच असे नाही.

18. कर कसा लागतो?

ऑप्शनचा नफा-तोटा सट्टा नसलेले व्यवसाय-उत्पन्न धरले जाते. नोकरदारांनाही त्यासाठी आयटीआर-3 भरावा लागतो. तोटा पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरल्यास आठ वर्षे पुढे ओढता येतो.

19. निकालासोबत लाभांश किंवा बोनस जाहीर झाला तर स्ट्राइक बदलते का?

बोनस आणि शेअर-विभाजनात स्ट्राइक आणि लॉट दोन्ही त्या प्रमाणात बदलून मिळतात. 1:1 बोनस झाला तर 1,000 ची स्ट्राइक 500 होते आणि लॉट 1,000 शेअरचा. नेहमीच्या लाभांशासाठी स्ट्राइक बदलत नाही, त्यामुळे एक्स-तारखेला (ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही) शेअर तेवढा खाली आला तर कॉल घेणाऱ्याला त्याचा फटका बसतो. मोठ्या, असाधारण लाभांशासाठी स्ट्राइक कमी करून दिली जाते. मे महिन्यात वार्षिक निकालांसोबत अंतिम लाभांश जाहीर होतो, पण त्याची एक्स-तारीख सहसा काही आठवड्यांनी असते, म्हणून निकालानंतर लगेच बाहेर पडणाऱ्याला त्याची चिंता नसते; पुढच्या महिन्याचा ऑप्शन धरून बसणाऱ्याने ती तारीख पाहून ठेवावी.